शेवटच्या रांगेतला रुमाल

धाकटीचं नाटक असलं की ताईची जागा ठरलेली, शेवटच्या रांगेत, कडेची खुर्ची. मांडीवर पांढरा रुमाल. आवाज पोचला नाही की ताईने रुमाल तोंडापर्यंत न्यायचा, की धाकटी स्टेजवरून ओळखून आवाज पुढे ढकलायची. दोघी बहिणींची ही पद्धत पहिल्या नाटकापासूनची, तिसऱ्या कानाला ठाऊक नव्हती.

मग धाकटी सिनेमात गेली. आधी नायकाची बहीण, मग नायकाची आई. नायक मात्र तोच राहिला! पुढे टीव्हीवर अशी खाष्ट सासू झाली, की भाजीवाली तिला तोंडावर म्हणायची, "सुनेला छळता ना? मग कोथिंबीर फुकट नाही मिळणार." धाकटीला पारितोषिकापेक्षा त्याचंच कौतुक जास्त. ताईला तर बहिणीच्या सगळ्याचंच कौतुक होतं. ती ते चारचौघांत सांगायचीही, लाजबीज न बाळगता.

आता साठी उलटल्यावर धाकटी पुन्हा नाटकात उभी राहत होती, तेही माइकशिवाय.

"कॉलरला माइक लावून लावून आवाज लाडावलाय गं," ती ताईला म्हणाली. "उद्या मागपर्यंत पोचला नाही, तर हे नाटक शेवटचं. तू बसशील ना?"

"बसते की," ताई म्हणाली खरी. पण वर्षभरात तिचे कान जवळजवळ कामातून गेले होते. घरात कुणाला पत्ता नव्हता. माणसांच्या ओठांकडे बघून ती वेळ मारून नेत होती. आता खरं सांगावं, तर ऐन वेळी धाकटीचा धीर सुटायचा.

पहिल्या प्रयोगाला ताई जागेवर बसली. ऐकू येत नव्हतं, तेव्हा शेजारच्यांवर नजर ठेवली. कुणी कान टवकारत नव्हतं, कुणी चुळबुळत नव्हतं. रुमाल मांडीवरच राहिला.

शेवटच्या प्रवेशात म्हातारी आई लेकीच्या बंद दाराशी येते. धाकटी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. तिने दारावर हात ठेवला, ते ठोठावलं मात्र नाही. तशीच पाठमोरी ती एक वाक्य म्हणाली आणि तिचे खांदे हळूहळू उतरले. ताईला रडू आवरेना. तिने रुमाल डोळ्यांना लावला आणि तेवढ्यात धाकटी वळली.

ताईने रुमाल झटकन खाली घेतला. पण धाकटीने तो पाहिला होता. ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली, छातीतून.

"दार उघड गं, मी रागावले नाहीये."

आता ते ताईलाही ऐकू आलं. सगळं थिएटर उठून उभं राहिलं.

रंगपटात धाकटी पांढरीफटक बसली होती. "नाही ना पोचला पहिल्यांदा?"

"पोचला होता गं. सगळी रांग मुसमुसत होती," ताई म्हणाली. "माझेच कान गेलेत. मी नुसती तुझी पाठ बघून रडत होते."

धाकटी हसत सुटली, हसता हसता डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं.

"दिग्दर्शक म्हणतोय, उद्याही दोनदाच म्हणा! आणि तू उद्या पहिल्या रांगेत बसायचंस."

"मग मागे कोण?"

"कुणी नको. पोचतोय आवाज."

ताईने मान हलवली. इतकी नाटकं झाली, पण स्टेजवरचा बहिणीचा चेहरा तिने जवळून कधी पाहिलाच नव्हता.