वरची गिटार कोणाची

व्हिटकम साहेबांनी टेपचं यंत्र ओट्यावर मांडलं आणि होझिया प्रुइटनं त्यांच्या वहीत डोकावून पाहिलं.

मेम्फिसच्या त्या गल्लीत होझियानं ज्याची कधी फिरकी घेतली नाही असा माणूस सापडायचा नाही. पाद्रीबुवांच्या टोपीत जिवंत बेडूक सोडणारा हाच. पण सगळ्यात जास्त चालली ती तबकडीची थट्टा. एकोणीसशे चौतीसची ब्लूज गाण्यांची तबकडी, त्यात दोन गिटारी, एक खालच्या सुरात, एक वरच्या. खालची होझियाची, मुकाट ठेका धरणारी, वरची रडणारी, भांडणारी, सासूसारखे टोमणे मारणारी. वरची होती त्याच्या बायकोची, ओझेलाची. गाणाऱ्या बाया तेव्हा पुष्कळ होत्या, पण गिटार घेऊन बाप्यांना घाम फोडणारी गल्लीत ही एकटीच. न्हाव्याच्या दुकानात मंडळी म्हणाली, "छे! बाईच्या हातात एवढा जोर? वरची तूच ना रे, होझ?"

"मग काय! ती नुसती शेजारी बसून ठेका धरत होती."

ओझेला घरी ते ऐकून हसली होती. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा उठून आत गेली. थट्टा मात्र तेहतीस वर्षं चालली. गावोगावचे वाजवणारे येऊन होझियाला सलाम ठोकून जायचे, आणि हा गालात हसून घ्यायचा.

आता हा गोरा मास्तर, व्हिटकम, पुस्तक लिहायला आलेला. वहीत लिहूनही झालं होतं: वरची गिटार, होझिया. एकदा छापलं की संपलंच. ओझेला शेजारी खुर्चीत होती, संधिवातानं बोटं आल्याच्या कुडीसारखी वाकडी झालेली. तिला वाजवून दाखवता येणार नव्हतं. सांगायचं तर त्यानंच.

"साहेब, खोडा ते. वरची हिनं वाजवली."

व्हिटकम खो खो हसला. "लोक म्हणालेच होते, तुम्ही फार फिरक्या घेता!"

"देवाशपथ खरं!"

"शपथा घेऊन फिरक्या घेता, हेही म्हणाले होते."

होझिया पुढे वाकला. त्यानं गिटार ओढली. "मग बघा मला येतं का!" आणि वाजवलं. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला.

"वय झालं, बोटं थकायचीच," व्हिटकम समजुतीनं म्हणाला.

"बोटांना काय धाड भरलीय?" ओझेला पहिल्यांदा बोलली. "तिसरी तार उतरव."

होझियाचा हात खुंटीवर गेला. आपली तारांची जुळणी कोणी चोरू नये म्हणून वाजवणारे भिंतीकडे तोंड करून तारा लावत. ओझेलानं नवऱ्याकडेही जन्मभर पाठच केली होती; आज पहिल्यांदा ती जुळणी सांगत होती.

"अजून उतरव. सैल म्हणतेय ना! आता अंगठ्यानं ठोक. तार दाबू नकोस, ढकल. वर ढकल, गाढवा, कुरवाळतोस काय!"

त्यानं ढकलली. दोनच ओळी निघाल्या, पण अगदी तबकडीतल्याच. व्हिटकमची पेन्सिल हवेतच राहिली. मग वहीतलं नाव खोडून त्यानं माइक ओझेलासमोर ठेवला.

"तेहतीस वर्षं लागली याला दोन ओळी शिकायला," ती म्हणाली.

होझिया सवयीनं हसला. ती हसली नाही.

"ओझी, खोडलं गं त्यांनी. झालं ना आता?"

तिनं वाकड्या बोटांनी माइक त्याच्याकडे सरकवला.

"टेप चालू आहे. पहिल्यापासून सगळं सांग. कोण काय म्हणालं, तू काय म्हणालास, मी कधी उठून गेले. आणि हसायचं नाही."