प्रमिलाबाईंची पेन्सिल

मित्रांनो, माझी पानं पिवळी पडली आहेत आणि कव्हरवरची नायिका अर्धीच उरली आहे. मी प्रेमकथेची एक जुनी कादंबरी. टोकावड्याच्या पुढच्या एका गावातल्या वाचनालयात राहते.

पूर्वी माझ्यासाठी नंबर लागायचे. मग घरोघर मोबाइल आले आणि मी खालच्या फळीवर गेले. तिथून मला फक्त प्रमिलाबाई काढायच्या. भाताची लावणी आटोपली की मला घरी न्यायच्या. वाचता वाचता कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने आपलं मत लिहायच्या. 'नायिका बेशुद्ध पडली. चुलीवर भात असेल तर करपला.' 'पत्राची वाट चार महिने? एसटीत बसला असता तर सांजेला पोचला असता.'

त्यांचे पती यमाजी हसायचे. "काय असतं गो त्या रडारडीत?" त्यांनी मला कधी उघडलं नाही.

भाद्रपदात प्रमिलाबाई वारल्या.

गेल्या आठवड्यात वाचनालयाची तपासणी ठरली. पुस्तकात लिहिलेलं चालत नाही, म्हणून ग्रंथपाल भाग्यश्री खोडरबर घेऊन बसली. माझा जीव खालीवर होत होता, पण पुस्तकाला उठून जाता येत नाही. साठावं पान पुसलं. एकसष्टावं पुसलं.

तेवढ्यात यमाजी बायकोचं कार्ड परत करायला आले. उघड्या पानावरचं अक्षर त्यांनी ओळखलं; बायकोला माझ्यात लिहिताना त्यांनी कितीदा पाहिलं होतं.

"थांब गो बाय! काय पुसतेस?"

"काका, उद्या तपासणी हाय. असं लिवलेलं चालत नाय."

"तिच्या हातचं घरात काय नाय गो. रेशनच्या फॉर्मवर पन सही माजीच." यमाजी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "किती ऱ्हायलं?"

"निम्मं."

भाग्यश्रीने खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकलं. "घेऊन जा काका. पुस्तक वाचायला गेलंय म्हनून सांगते मी."

घरी पोचेपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही. वाचनालयाच्या पायरीवर बसून, बोट ठेवत ठेवत फक्त पेन्सिलीचं वाचू लागले. शेवटच्या पानावर नायक मेलेल्या नायिकेला फुलं वाहतो. शेजारी लिहिलं होतं, 'जिती होती तेव्हा एक दिवस चहा करून द्यायचास. आमचे हे देतात. साखर जास्त टाकतात, पण मी सांगत नाय.'

"सांगायचंस ना गो," यमाजी म्हणाले.

मित्रांनो, माझी पहिली एकसष्ट पानं आता स्वच्छ आहेत. तिथली मतं मला पाठ आहेत, पण ती मी यमाजींना सांगू शकत नाही, म्हणून मला चैन पडत नाही. जुनं पुस्तक पुसायला घ्याल, तेव्हा आधी ते वाचा. कोणाचं अक्षर आहे, ते विचारा.