तीन तारांचा बेस

बिदरजवळच्या कोळारमधल्या एका औषध कंपनीत मंगल गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायचं काम करायची. तिच्या खोलीत राहणारी धनलक्ष्मी त्याच लाइनवर, पुढच्या टेबलाला होती. धनलक्ष्मी ठाणाकुशनूरची. लहानपणी शेळ्यांमागं फिरताना हाका मारून मारून तिचा गळा असा तयार झाला होता की मशिनं चालू असतानाही तिचं बोलणं लाइनच्या टोकापर्यंत जायचं. एका रविवारी कपडे धुताना तिनं मोबाइलवर इंग्रजी गाणं लावलं, आणि मंगलचा ब्रश हातातच थांबला.

गाणं अमेरिकेतल्या कुठल्याशा पोरांचं होतं. आधी जाड, घुमणारा एकच आवाज चालत येतो, मग गिटार येते. गाणारा सुरुवातीला पुटपुटतो आणि शेवटी शिरा तुटतील असा ओरडतो.

"हे खालून काय वाजायलंय ग?" मंगलनं विचारलं.

"खालून कुठं?"

"गिटारीच्या खाली. छातीत धडधडायलंय बघ."

धनलक्ष्मीनं मोबाइल कानाला लावला. गाणं तिला तोंडपाठ होतं, पण तो आवाज तिनं पहिल्यांदाच नीट ऐकला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघींनी सुनीलकुमारला गाठलं. तो कंपनीत इलेक्ट्रिशियन होता आणि घरी गिटार वाजवायचा.

"ते बेस गिटार," तो म्हणाला. "आणि असल्या गाण्याला इमो म्हणतात. मनात जे दुखायलंय ते झाकायचं न्हाई, जसंच्या तसं ओरडून टाकायचं. मला लई दिवसांपासून वाजवायचंय हे. पण सुरुवातच बेसनं हाय, आणि बेसवाला कुठून आणू?"

मंगलला मामा आठवले. आळंदला तिचे मामा बाबूलाल होते. ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. पुढं कीबोर्डवरच सगळं निघायला लागलं आणि मामांचा बेस माळ्यावर गेला. पुढच्या सुट्टीला ती सकाळच्याच बसनं आळंदला पोचली.

"कामून पाहिजे तुला?" मामांनी विचारलं.

"वाजवायचाय."

"काय वाजवतीस?"

मंगलनं त्यांच्या कानात इअरफोन घातला. मामा डोळे बारीक करून ऐकत राहिले. थोड्या वेळानं त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली.

"एवढं ओरडायलाय कामून हा?"

"त्याचा दोस्त गाव सोडून गेलाय, मामा. हा अजून त्याच्या दारात उभाय."

"मग ओरडू दे की," मामा म्हणाले आणि शिडी आणायला उठले.

बस बिदरकडं निघाली तेव्हा चादरीत गुंडाळलेला बेस मंगलच्या मांडीवर आडवा होता. त्याचं टोक शेजारच्या बाईच्या खांद्याला लागत होतं. मंगल सारखी माफी मागत होती आणि सारखी हसत होती.

पहिले काही दिवस नुसती खडखड निघाली. तारा जाड, हात लहान. डावा अंगठा दुखायचा, उजव्या हाताच्या बोटांना फोड आले. कंपनीत हातमोजे घालताना ती ओठ दातात दाबायची, पण संध्याकाळी खोलीवर आली की आधी चादर सोडायची. मोबाइलवर गाण्याचा वेग अर्धा करून एकेक सूर धुंडाळायची. सुरुवातीचे चार सूर सापडले त्या दिवशी धनलक्ष्मी भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच येऊन समोर बसली.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

मंगलनं वाजवलं. धनलक्ष्मी त्यावर हळूच गायला लागली. तव्यावरची भाकरी करपली, ती दोघींनी हसत खाल्ली.

दर रविवारी दोघी आणि सुनीलकुमार कंपनीतल्याच बुद्धरत्नच्या मंडळाच्या खोलीत जमायला लागले. बुद्धरत्न भीमगीतांच्या पार्टीत ऑक्टापॅड वाजवायचा, त्यामुळं विहारामागच्या त्या पत्र्याच्या खोलीत स्पीकर, माइक, सगळं होतं. पहिल्यांदा बेस मोठ्या स्पीकरला जोडला आणि मंगलनं जाड तार छेडली, तेव्हा वरचा पत्रा थरथरला. मंगलनं दचकून हात उचलला आणि लगेच पुन्हा तीच तार छेडली.

अडचण तिच्या घाईची होती. ओरडण्याचा भाग जवळ आला की आनंदानं तिची बोटं पळायची आणि बाकीचे मागं राहायचे.

"मंगल, कुठं पळायलीस?" बुद्धरत्न म्हणायचा. "तू पळालीस तर आम्ही उभं कशावर राहायचं?"

तेव्हापासून ती लाइनवर खोकी भरतानाही मनात ठेका धरायची.

आयुधपूजा जवळ आली. त्या दिवशी कंपनीत मशिनं धुऊनपुसून बंद ठेवतात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात आणि दुपारी कामगारांची गाणी होतात. सुनीलकुमारनं चौघांचं नाव दिलं. पण त्याच आठवड्यात सूर लावताना मंगलनं खुंटी पिळली आणि चारातली सगळ्यात बारीक तार तुटली. मामांच्या काळातली तार, आतून गंजलेली. बिदरच्या दुकानात साध्या गिटारीच्या तारा होत्या, बेसच्या नव्हत्या. हैदराबादहून मागवली असती तर सणानंतर आली असती.

गाण्याच्या मधोमध गिटार थांबते आणि बेस एकटाच वर चढत जातो. तो सगळा भाग त्याच तारेवर होता. मंगल खोलीत बेस मांडीवर घेऊन बसून राहिली. चिडून तिनं शेजारच्या तारेवर बोट ठेवलं आणि नुसतंच सरकवत नेलं, बेसच्या मानेवरून खाली, जिथं तिचा हात कधी गेला नव्हता तिथं. एका जागी तिला ओळखीचा सूर ऐकू आला. तिनं मोबाइलवर गाणं लावून पाहिलं. तोच सूर होता. पुढचाही तिथंच सापडला, त्याच्या पुढचाही.

"धने, इकडं ये ग. तार लागतच न्हाई. सगळं हितं खाली हाय."

जाड तारेवर तो भाग आणखी भरीव वाजत होता. धनलक्ष्मी ऐकून म्हणाली, "नवी तार आली तरी असंच वाजव."

मंगलनं मामांना फोन लावून ऐकवलं.

"माझ्याजवळ कधी तुटली न्हाई ही तार," मामा म्हणाले. "वाजव बरं परत."

आयुधपूजेच्या दुपारी पॅकिंग हॉलमध्ये सगळे बसले होते. हातात बुंदीचे द्रोण, पुढच्या रांगेत साहेब आणि लाइनच्या सुपरवायझर रुद्रम्मा. आधी भक्तिगीतं झाली, जुनी कन्नड गाणी झाली. मग मंगल उभी राहिली. एकटी. तिचे चार सूर हॉलभर चालत गेले. कुजबुज थांबली. गिटार आली, ऑक्टापॅड आला, धनलक्ष्मी पुटपुटायला लागली. मधला चढ आला आणि मंगलची बोटं बिनचूक खाली सरकली. सुनीलकुमारनं तिच्याकडं बघून मान हलवली.

आणि ओरडायची वेळ आली तेव्हा धनलक्ष्मी शब्द विसरली.

ती माइक धरून तशीच उभी होती. सुनीलकुमारचा हात थबकला, बुद्धरत्न तिच्याकडं बघायला लागला. मंगल थांबली नाही. तिनं सुरुवातीचे चार सूर धरले आणि तेच फिरवत राहिली, न पळता, न थांबता. बुद्धरत्ननं ठेका पकडला. मंगल धनलक्ष्मीच्या जवळ सरकली. "घे," ती म्हणाली. "मी हाय हितंच. येईल तेव्हा घे."

धनलक्ष्मीनं डोळे मिटले आणि रानात घालायची तशी हाक घातली. "कुठं गेलास रे. मी हितंच हाय, कुठं गेलास." इंग्रजीचा मागमूस नव्हता. पुन्हा तेच, आणखी वर. मागच्या रांगेतल्या पोरींनी द्रोण खाली ठेवले आणि त्याही ओरडायला लागल्या. तिसऱ्या फेरीला अर्धा हॉल हाका मारत होता, ज्याला ज्या भाषेत जमेल तसा.

गाणं संपलं. रुद्रम्मा उठून पुढं आल्या.

"कुणाला हाक मारायलीस ग एवढी?" त्यांनी धनलक्ष्मीला विचारलं.

"ठाऊक न्हाई, अक्का. आली तोंडात."

रुद्रम्मांनी पदरानं डोळे टिपले. त्यांचा मुलगा दुबईला होता, हे लाइनवर सगळ्यांना माहीत होतं.

"इन्नोंद सल," मागून कोणीतरी कन्नडमधून म्हणालं, पुन्हा एकदा. मग सगळेच म्हणायला लागले. सुनीलकुमारनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी हातानंच चालू द्या म्हटलं.

मंगलनं घाम पुसला आणि पहिला सूर वाजवला. या खेपेला तिनं बोटांकडं पाहिलंच नाही.