बेर्लिंदेची दाढ

सिस्टर बेर्लिंदेची दाढ अजून तिच्या तोंडातच होती, तेव्हा मदर आलेइदिसनी तिच्यासाठी चांदीची डबी करायला टाकली. दर्शनाला येणाऱ्यांना दाढ नीट दिसावी म्हणून डबीला स्फटिकाचं झाकण होतं.

मठातल्या आजाऱ्यांचं काम माझ्याकडे. बेर्लिंदेचा गाल इतका सुजला होता की डावा डोळा उघडत नव्हता. ताप चढत होता. दाढ निघाली नाही तर विष गळ्यात उतरणार, हे उघड होतं. पण ती तोंड उघडेना.

"आधी दाढ नदीत टाकायचं वचन दे, कुनेरा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"मदर टाकू देतील होय? तुझ्या आंघोळीचं पाणीसुद्धा त्यांनी बाटल्यांत भरून ठेवलंय."

"म्हणून तर मी आंघोळ बंद केली."

"ते सगळ्या मठाला कळलंय."

तिने प्रार्थना केली की आजारी गाई उठतात, अशी गावाची खात्री होती. ती म्हणायची, गाई देव उठवतो, मी नुसतं त्याच्या कानावर घालते. आणि म्हणायची, लोक माझ्यापुढे गुडघे टेकतात तेव्हा मला त्याच्याकडे बघायची लाज वाटते. हे ती मनापासून मानायची, अगदी जिवावर बेतलं तरी.

मदर रोज येऊन तो गाल बघत. "केवढी सोसते बिचारी," म्हणत आणि हळूच स्वतःचा उजवा गाल दाबत. त्यांची दाढ वर्षभर किडलेली होती. पण माझी पकड दिसली की त्यांना चर्चमधलं काहीतरी काम आठवायचं.

एका सकाळी बेर्लिंदेने त्यांच्यासमोरच अट घातली. "ज्यांच्या दाढा किडल्यात त्या सगळ्यांनी आज काढून घ्यायच्या. सगळ्या एकाच वाडग्यात. माझी शेवटी. नाहीतर राहू दे."

"सगळ्यांनी म्हणजे?" मदरनी विचारलं.

"तुम्ही पहिल्या. तुमचं बघून बाकीच्यांना धीर येईल."

मदरनी पकडीकडे पाहिलं, मग त्या सुजलेल्या गालाकडे. त्या बाकावर का बसल्या, डबीसाठी की बेर्लिंदेसाठी, ते मला सांगता येणार नाही. पण बसल्या. त्यांची किंकाळी ऐकून शेतावरची माणसं घंटा न होताच जेवायला आली.

मग स्वयंपाकघरातली इडा बसली, मग दारावरची म्हातारी लुत्खार्द. शेवटी बेर्लिंदे. पू वाहून गेला, तिने डोळा उघडला आणि बिअर मागितली. नंतर वाडगा घेऊन डाळ ढवळावी तसा ढवळला.

"घ्या, मदर."

मदर तोंडाला फडकं लावून एकेक दाढ हुंगू लागल्या. "पावित्र्याला सुवास असतो," त्या बोबडं बोलल्या. मधोमध भोक पडलेली एक थोराड दाढ त्यांनी उचलली. "हीच. काय सुगंध आहे बघ."

सुगंध लवंगेचा होता. वर्षभर त्या दाढेत लवंगा मीच भरत आले होते. दाढ मदरची होती.

मी बेर्लिंदेकडे पाहिलं. तिने गप्प राहायची खूण केली.

रविवारी डबी वेदीवर ठेवली. सगळं गाव वाकलं. सर्वांत जास्त वेळ वाकली ती बेर्लिंदे.

"एवढं नाटक कशाला?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"नाटक कसलं? मी मरायला तयार होते, मला भीती नव्हती. त्यांची गाळण उडाली होती, तरी बसल्या की नाही?"

तेवढ्यात शेजारून दोन बायका डबीच्या गोष्टी करत गेल्या. त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बेर्लिंदे त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुनेरा, आंघोळीला पाणी तापव."