दाबून कापू नये

बाळाला आंघोळ घालून तिनं टॉवेलात गुंडाळलं, आणि त्याच क्षणी सुरा त्याच्या टाळूतून आरपार गेला. मुठीपर्यंत. टॉवेल लालभडक झाला, भिंतीवर शिंतोडे उडाले, आणि सुऱ्याच्या मुठीवर हात होता तो तिचाच.

तिनं डोळे उघडले. टॉवेल पांढराच होता. बाळ अंगठा चोखत तिच्याकडे टकामका बघत होतं. सुरा खालच्या मजल्यावर होता, वर्कशॉपमध्ये, कुलुपात. दारात सासू उभी होती, हात पुढे करून.

"झाली ना आंघोळ? आण इकडे."

तिनं बाळ देऊन टाकलं. गेले कित्येक दिवस असंच चाललं होतं. आंघोळीला दार उघडं, पाजताना सासू समोर, आणि एरवी बाळ शालीत बांधलेलं सासूच्या छातीशी. आपलंच मूल तिला वाण्याकडच्या उधारीसारखं थोडं थोडं मिळत होतं.

खाली नवऱ्याचं सोफ्याचं वर्कशॉप होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूला वाटलं, शिकलेली सून आहे, बिलं बघेल. सुनेनं पहिल्याच महिन्यात फोम कापायचा सुरा उचलला. हातभर लांब, पातळ, वाकवला तर वाकणारा सुरा. तिच्या हाताला असं वळण होतं की जाड फोमची कड आरशासारखी निघायची. गिऱ्हाईक विचारायचं, मशीननं कापलंय का? नवरा मिशीत हसायचा. "मशीनच आहे. फक्त उलटून बोलतं."

मग बाळ झालं. गोल, गुबगुबीत, कापडात बांधल्यासारखं. सगळे त्याला बोचक्या म्हणू लागले. आणि एका दुपारी, त्याच्या कपाळाचा पापा घेताना, डोक्यात ते चित्र आलं. सुरा, टाळू, रक्त. ती किंचाळायचीच बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दिवसभर. कधी सुरा, कधी कात्री, कधी उशी. चित्र आलं की ती दात आवळून ते दाबायची, आणि ते दुप्पट होऊन यायचं.

तिनं स्वयंपाकघरातल्या सुऱ्या नवऱ्याला खाली ठेवायला लावल्या. भाज्या हातानं तोडू लागली. बोचक्याची नखं दातांनी कुरतडायची. नणंद चार दिवस राहायला आली तर म्हणाली, "वहिनी, भाजी केलीये का गुरांना वैरण टाकलीये?" सगळे हसले. तीही हसली, आणि बाथरूममध्ये जाऊन ओकली.

शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पांढराफटक पडला, पण तिचा हात सोडला नाही. चुकलं ते पुढे. आईला सांगितल्याशिवाय त्याला घास गिळायचा नाही. त्यानं सांगितलं. सासूनं वर्कशॉपमधल्या एकूण एक सुऱ्या, कात्र्या, पाती पत्र्याच्या पेटीत भरली आणि किल्ली गळ्यातल्या गोफात ओवली. काम असलं की कारागिरांनी मागायचं, काम झालं की परत. कापणाऱ्यांच्या घरात कापायला काही उरलं नाही.

हे कळताच नणंद पुन्हा आली. तिचा निकाल त्याहून सरळ होता. "मी नेते त्याला माझ्याकडे. वर्षभर. रविवारी निघते. हिचं डोकं ठिकाणावर आलं की बघू."

नवरा तिला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेला होता तो त्याआधीच. सासूला हा प्रकार पटला नव्हता. "नुसतं बोलायचे पैसे घेते? मग मी जन्मभर फुकटच बोलले की!"

बाईंनी पहिल्या भेटीत खोदून खोदून विचारलं. मारावंसं वाटतं का? आवाज ऐकू येतात का? बाळाला कधी इजा केलीये का? ती रडत नाही, नाही म्हणत गेली. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"चित्र आलं की काय करता?"

"दाबते. जीव खाऊन."

"मग?"

"मग जास्त येतं."

बाई म्हणाल्या, "तुमचं काम फोम कापायचं ना? मला त्यातलं काही कळत नाही. कसा कापतात?"

तिला नवल वाटलं, पण कामाचं बोलायचं म्हटल्यावर हात आपोआप हलले. "दाबायचा नाही. नवशिके तिथंच चुकतात. दाबून कापलं की कापताना सरळ दिसतं, हात काढला की फोम उसळतो आणि कड वाकडी निघते. तो आहे तसा फुगलेला राहू द्यायचा. हात सैल. पातं वाकलं तर वाकू द्यायचं. आपण फक्त आपली रेघ..."

ती थांबली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे मी त्याला येऊ देऊ?" ती घाबरून म्हणाली. "आणि खरंच झालं तर?"

"ज्याला करायचं असतं त्याला असा घाम फुटत नाही. तुमचा जीव त्या मुलात आहे, म्हणून तुमचं डोकं नेमकं तिथंच बोट घालतं. ते चित्र आलं की हाकलू नका, पण पाटही मांडू नका. असू दे कोपऱ्यात. हात तुमचे आहेत. त्यांना तुमचं काम करू द्या."

ती चित्रं दाखवणाऱ्याला नावही द्यायला सांगितलं. तिनं ठेवलं, कसाई.

सुरुवात नेलकटरपासून झाली. नवऱ्याला शेजारी बसवून तिनं बोचक्याचं एक नख कापलं, आणि तेवढ्यात कसायानं त्याचं बोट तोडून दाखवलं, मनगट तोडून दाखवलं. तिच्या पाठीवरून घामाचे ओघळ गेले. "आलास? बैस," ती पुटपुटली आणि दुसरं नख कापलं. मग नवऱ्यानं कामाच्या नावाखाली मागून आणलेली कात्री. कसाई गेला नाही, पण रोज तेच तेच दाखवून तोही कंटाळल्यासारखा वाटू लागला.

शेवटचा धडा सुऱ्याचा होता. सुरा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगायचा, आणि त्याच्याखाली बोचक्याला मांडीवर घेऊन बसायचं. नवऱ्यानं सोफ्याची डिलिव्हरी द्यायला निघताना शर्टाखालून तिचा सुरा काढून दिला. "आईला कळलं तर तू राहशील बाजूला, कापला मी जाईन."

सासू आणि नणंद बाजारात गेल्या होत्या. बोचक्या झोपेत तिच्याकडे होता. एवढ्यापुरतं नवऱ्यानं आईला पटवलं होतं. ती खिळ्याखाली बसली. कसाई आला. ती बसून राहिली. बोचक्यानं जांभई दिली. किती वेळ गेला कोण जाणे, पण बऱ्याच दिवसांनी तिला त्याच्या डोक्याचा वास आला, दुधाचा आणि झोपेचा. इतके दिवस भीतीपायी वाससुद्धा येत नव्हता.

दार उघडलं. पुढे नणंद होती. तिची नजर सुऱ्यावर गेली, मग मांडीवर.

पहिली थप्पड कानावर बसली. दुसऱ्या हातानं नणंदेनं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. "मारायला बसली होतीस! घरात कुणी नाही बघून!"

"बाईंनीच सांगितलंय, विचारा त्यांना..."

"बाई गेली खड्ड्यात!"

सासूनं बोचक्याला हिसकावलं. तो दचकून किंचाळला. तिनं पाय धरायचा प्रयत्न केला तर सासूनं लाथेनं झटकून टाकलं. सासूनं गाठ घट्ट मारली, शाल दोन वेढे गळ्याभोवती आणि बाळाच्या पाठीवरून. मग खिळ्यावरचा सुरा ओढून काढला.

"हा आधी कुलुपात जाऊ दे. आणि रविवार कशाला, आत्ताच्या आत्ता निघ गं तू याला घेऊन."

दोघी जिना उतरल्या. ती कपाळावरचं रक्त पुसत मागोमाग धावली. भांडायला काही शिल्लक नव्हतं. नुसतं, मूल जिकडे तिकडे आई.

खाली लंबू नावाचा कारागीर भुग्याच्या मशीनवर होता. उरलेल्या फोमचा चुरा करणारं ते धूड घरघरत होतं. त्याचं चाक फिरवणाऱ्या पट्ट्यावरचं पत्र्याचं झाकण खडखडतं म्हणून लंबूनंच काढून ठेवलेलं, आणि पेटी होती नेमकी मशीनला लागून. सासू पेटीवर वाकली. गळ्यातली किल्ली चाचपताना शालीचं मोकळं टोक खांद्यावरून घसरलं आणि पट्ट्यावर पडलं.

पट्ट्यानं ते चाकात ओढून नेलं.

सासूचं डोकं मशीनच्या अंगावर आदळलं. सुरा हातातून उडून फरशीवर पडला. लंबूनं बोंब मारत बटणावर लाथ घातली. घरघर उतरत गेली, पण चाक थांबेपर्यंत शालीचे चार-पाच पीळ बसले होते. सासूची जीभ बाहेर आली होती. बोचक्याचं तोंड तिच्या छातीत रुतलं होतं, आणि त्याचा आवाज बंद झाला होता.

लंबूनं चाक हातानं उलटं फिरवायला बघितलं. ते हललं, आणि त्याची बोटं पट्ट्याखाली गेली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुडघ्यांवर कोसळला.

"कात्री!" नणंद ओरडत होती. "अरे कात्री द्या कुणीतरी!"

कात्र्या पेटीत होत्या. किल्ली सासूच्या गळ्यात, पिळाच्या आत.

तिनं फरशीवरचा सुरा उचलला.

नणंदेनं झडप घालून तिचं मनगट पकडलं. "सोड! मारेल ही! मारेल त्याला!" तिनं कोपर फिरवलं. ते नणंदेच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, आणि मनगट सुटलं.

शाल बाळाच्या कानावरून वर जात होती, ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली. बोट शिरायला जागा नव्हती. पातं शिरलं असतं, ते फक्त कानाच्या मागून, मान आणि कापड यांच्यामध्ये. बोचक्याची मान निळी पडत चालली होती.

कसाई आलाच. असा मोका तो कसा सोडेल? त्यानं सगळं दाखवलं. गळा, चिळकांडी, लोंबतं मुंडकं. 'एवढंच तर करायचंय,' म्हणाला. 'जरा जोर लाव.'

"आलास?" ती मोठ्यानं म्हणाली. नणंदेला वाटलं, ही पुरती गेली. "उभा राहा तिथंच. मला काम आहे."

तो उभा राहिला. ती चित्रं तशीच चालू राहिली, एकावर एक, आणि त्यांच्या खाली, जरा बाजूला, तिला शालीची वीण दिसत होती. ताणलेलं कापड दाबून कापलं की एकदम फाटतं आणि पातं पुढे झेपावतं. पुढे त्याचा गळा होता. तिनं खांदा सैल सोडला. पातं वाकलं, तिनं वाकू दिलं. बाहेरच्या दिशेनं, हलक्या हातानं, मागे-पुढे. धागे टकटक तुटायला लागले. घामाचा थेंब डोळ्यात गेला तरी तिनं पापणी मिटली नाही.

शाल सुटली. बोचक्या तिच्या डाव्या हातात पडला, लुळा, जांभळा. सासू फरशीवर कलंडली आणि घशातून करवतीसारखा श्वास ओढला. बोचक्यानं ओढला नाही. तिनं सुरा फेकला, त्याला पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या. एक. पुन्हा. पुन्हा.

तो रडला. असा रडला की रस्त्यावरची माणसं आत आली.

त्याच्या कानाच्या पाळीतून रक्त वाहत होतं.

दवाखान्यात तिघांना आडवं केलं: लंबूच्या हाताला पट्ट्या, सासूच्या गळ्याभोवती जांभळा पट्टा, बोचक्याच्या कानाला टाका. नवरा धावत आला आणि भिंतीला धरून उभा राहिला. नणंद सुजलेल्या ओठावर रुमाल दाबून बसली होती. तिच्या मांडीवर बोचक्या हुंदके देत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "बाकी ठीक आहे. पण कानाला कशानं लागलं? मशीननं?"

नवऱ्यानं तोंड उघडलं; हो म्हणणार होता, ते तिला कळलं. हो म्हटलं असतं तर मिटलं असतं.

"सुऱ्यानं," ती म्हणाली. "माझ्या. मी शाल कापत होते."

नणंदेनं आईकडे बघितलं. बघ, असंच होतं त्या बघण्यात. बोचक्यानं पुन्हा सूर लावला. नणंद त्याला हलवू लागली, शू शू करू लागली, तसा तो जास्तच बिथरला.

सासूनं मान वळवली. तिला दुखत असणार, कारण डोळ्यांत पाणी आलं. आवाज कुठला, नुसता खरखरता वारा. सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं.

"भूक लागलीये त्याला." ती सुनेकडे बघत होती, नेहमीसारखीच वैतागून. "ऐकू येत नाही का तुला? घे की."

नणंद म्हणाली, "आई, अगं पण..."

"तू पाजणारेस का?"

नणंदेनं बोचक्याला दिलं. तिनं तो घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसली. कुणी समोर येऊन उभं राहिलं नाही. खिडकीत औषधांचा ट्रे होता, त्यात टाके कापायची लहानशी कात्री चमकत होती. कसायाला ती तिच्याआधी दिसली.

आलास, तिनं मनात म्हटलं, आणि बोचक्याचं डोकं कोपरात नीट सावरून घेतलं.