सतरा नंबरचा हात

डॉक्टरानं मारलं, आसं गाव म्हनतं. म्हनू द्या. आपल्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची गावाला सवयच हाय. मी लंकाबाई, जिचा नवरा गेला तीच मी, आन् मी सांगते की मारलं आमी. घरच्यांनी. ते बी काळजीनं, कुनाचं वाईट न चिंतता.

त्र्याहत्तर साल हुतं. आदल्या वर्सी पाऊस पडला न्हाई, हे तुमाला ठाऊकच आसंल. आमी तिसगावच्या अंगचे लोक, दरसाल दसरा झाला की गाडी जुंपून कारखान्यावर ऊस तोडायला जानारे. त्या साली ऊसच न्हाई, तर तोडायचं काय, कपाळ? सारं गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामाला. बाया माती व्हायच्या, गडी दगड फोडायचे.

ऊसतोडीत आमची एक रीत हाय. नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. त्यातलं एक आजारी पडलं तर त्याच्या जागी दीर जातो, ननंद जाते, सासरा जातो. मुकादम तोंड बघत न्हाई, कोयता भरला का न्हाई तेवढं बघतो. तलावाच्या हजेरीला बी तसंच. 'पुंजाराम' म्हनून हाक आली की पुंजारामच्या घरातलं कुनी बी 'हाय' म्हनायचं. ह्यात लबाडी हाय आसं आमाला कदी वाटलंच न्हाई. पुंजाराम म्हंजी आमचे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई, पन आता कुनाला राग येनार हाय?

संक्रांतीच्या सुमाराला पुन्याचे टेंबे डॉक्टर जीप घिऊन आले. योगानं रक्तदाब उतरतो का, ह्याचा शोध त्यांना लावायचा हुता. शहरातल्या साहेब लोकांवर करून झाला हुता, आता कष्टाच्या मान्सांवर करायचा. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं आन् गावातल्या समद्या मोठ्या मान्सांच्या दंडाला पट्टा बांधून पारा बघितला. ज्यांचा जास्त निघाला आसे बत्तीस जन घेतले. प्रत्येकाला पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर नंबर. मालकांचा सतरा. रोज सकाळी शाळेत आसनं आन् श्वासाचं करायचं, तिसगावचे एक मास्तर सायकलवर येऊन शिकवायचे. गुरुवारी डॉक्टर येऊन पारा मोजनार. जो हजर त्याला दुधाच्या पावडरीचा पुडा. तीन गुरुवार चुकले की नाव कमी. म्हशी तर दिवाळीतच घोडेगावच्या बाजारात गेलेल्या, तवा त्या पुड्याची किंमत काय ते आमालाच ठाऊक.

मालकांचा पारा बघून डॉक्टरांनी तीनदा पट्टा बांधला. दोनशे दहा. त्यांच्यासंगं पुष्पावतीबाई म्हनून नर्स हुत्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. "लंकाबाई, यांची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. सकाळ-संध्याकाळ. डोक्यातली शीर फुटली तर कुणाच्या हातात काही राहणार नाही."

आदल्याच आठवड्यात दगड फोडता फोडता मालकांच्या नाकातनं भळाभळा रगत आलं हुतं आन् मी घोळना फुटला म्हनून कांदा हुंगायला दिला हुता. त्या दिवसापास्नं गोळ्यांची पुडी मी माझ्या कनवटीला ठिवली. सकाळी भाकरीच्या आधी एक, दिवेलागनीला एक, माझ्या हातानं. गोळी घिऊन मालक आसनांना जायचे. डोळे मिटून उतानं पडायचं ते आसन बघून म्हनायचे, "दुष्काळात मान्सं आपुनच आडवी व्हायला लागलीत, शिकवायला तिसगावचा मास्तर कशाला पायजे?" पन खोटं का बोलू, गुन येत हुता. तीन आठवड्यांत पारा दोनशे दहाचा एकशे सत्तरावर आला. रातची झोप लागायला लागली. मी मनातल्या मनात डॉक्टरांच्या पाया पडले.

मंग तलावाचं काम पलीकडच्या अंगाला गेलं, दोन कोस लांब. सकाळची हजेरी चुकली की दिवस बुडाला. मालकांचं शाळेत जानं सुटलं. गुरुवार आला तसं मीच म्हनलं, दुसरं कुनी न्हाई, मीच, "गहिनीला धाडा."

गहिनीनाथ माझा धाकटा दीर, बावीस वर्सांचा. पायात काटा मोडून पाय पिकला म्हनून घरीच हुता. दोघं भाऊ एका तोंडवळ्याचे, डोक्याला पटका बांधला की मागनं मी बी फसायची. मालकांचं कार्ड घिऊन त्यो लंगडत शाळेत गेला. बाईंनी 'सतरा' म्हनून हाक मारली, ह्यानं हात पुढं केला. डॉक्टरांची नजर पाऱ्यावर, बाईंची कागदावर. तोंडाकडं बघायला सवड कुनाला हुती? दुपारी पुडा काखेत मारून हसतच आला. "वैनी, दादाचा पारा एकशे चोवीस. डॉक्टरांनी पाठ थोपटली माझी."

आमी सगळे हसलो. मी पावडरीचं दूध करून गूळ घालून समद्यांना दिलं. कुनाच्या बी डोक्यात उजेड पडला न्हाई. माझ्या बी न्हाई.

आसे चार गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी काढून टाकली. मला वाटलं, बरं झालं, मालकांचं दादापुता करून द्यायची एक गोळी तरी कमी झाली. पाचव्या गुरुवारी गहिनी आला तवा मी भाकरी थापत हुते. जेवायला बसला आन् म्हनला, "वैनी, आता दादाला गोळी बंद. एक बी द्यायची न्हाई. डॉक्टर म्हनले, आता निव्वळ योगावर बघायचंय, ह्याच्यासाठीच तर आलो. शेजारच्या सहादेवआबाची बी आजच बंद केली."

माझा हात परातीतच थांबला. "गहिनी, पट्टा कुनाच्या दंडाला बांधला रं?"

"माझ्या."

"मंग गोळी कुनाची बंद झाली?"

त्यानं घास खाली ठिवला.

मालक आले तसं त्यांच्या कानावर घातलं. ते उलट खूश. गोळीनं अंग ढिलं पडतं, घन उचलत न्हाई, ही त्यांची रोजची कुरकुर. म्हनले, "कार्डावर माझा नंबर हाय. उतरला म्हंजी उतरला."

"आवो, पन हात गहिनीचा हुता."

"एका आईच्या पोटचे हायेत आमी. रगत काय येगळं हाय का?"

तरी मी हटून बसले, उद्याच्याला जाऊन डॉक्टरांना सांगते म्हनलं. तवा मालक गंभीर झाले. "बत्तीसात निम्मे बदलीवर हायेत, लंके. सहादेवआबा कवा गेलाय शाळेत? त्यो तलावावर दगड फोडतो, छगनच जातो बापाच्या नंबरावर. तू एक तोंड उघडशील आन् गावाचं दूध बंद पडंल. बनुकाकूच्या नातवाला काय पाजशील?" बनुकाकू म्हंजी सहादेवआबांची मालकीन, आमच्या शेजारची. तिच्या सुनंचं दूध आटलेलं, चार महिन्यांचं पोर त्या पुड्यावरच जगत हुतं. त्या पोराला मीच पयल्यांदा चाटन दिलेलं. मी गप बसले.

गप बसले, पन जिवाला थारा न्हाई. पुढच्या गुरुवारी गहिनीच्या मागनं मी बी शाळेत गेलेच. सांगायचंच आसं ठरवून गेले. पायरीवर बनुकाकू नातवाला घिऊन बसली हुती. तिनं माझ्याकडं बघितलं, नुस्ता पदर सारून पोराचं तोंड मला दाखवलं. तिला कळलं हुतं मी कशाला आले ते. डॉक्टरांच्या म्होरं जाऊन मी भलतंच बोलले, "माझंच डोकं ठनकतंय, मला त्या गोळ्या द्या."

डॉक्टर भले मानूस. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला आन् हसले. "बाई, तुमचा तर एकशे अठरा. सतरा नंबरपेक्षाही छान. तुम्हाला गोळीची काही गरज नाही, रोज दहा मिनिटं शांत पडून राहत जा."

मी तशीच माघारी आले. वाटंत एका बाभळीखाली बसून रडले. नगरला जाऊन गोळ्या आनाव्या तर चिठ्ठी डॉक्टरांचीच लागनार, आन् त्यांच्या लेखी मालक बरे झालेले. कनवटीच्या पुडीत सहा गोळ्या उरल्या हुत्या. मालक तोंडानं घेईनात, तवा अर्धी अर्धी करून त्यांच्या पिठल्यात कालवत गेले. बारा दिवस पुरल्या. तेराव्या दिवशी पुडीचा कागद झटकून बघितला, काय निघालं न्हाई.

पुढं रोज सकाळी उठले की आधी त्यांच्या डोळ्यांकडं बघायची. डोळे लाल दिसायला लागले. मान धरलीय म्हनायचे, कानात काय तरी घूं घूं वाजतंय म्हनायचे. मी म्हनायची, आज खाडा करा. ते म्हनायचे, "डॉक्टर मला धट्टाकट्टा म्हनतोय आन् तू आजारी पाडतीस." कामावर मी मातीची पाटी घिऊन मुद्दाम त्यांच्या बाजूनं जायची. घनाचा आवाज थांबला की माझे पाय थांबायचे. परत आवाज आला की मी पाटी टाकायला जायची. एका दिवसात आसं किती वेळा मरावं मान्सानं, तुमीच सांगा.

गुढीपाडवा झाल्यावरच्या सोमवारी दुपारी आवाज थांबला आन् परत आला न्हाई. मी पाटी फेकून पळाले. तोंड एका अंगाला वाकडं झालं हुतं, डोळा माझ्याकडं हुता पन वळख न्हाई. गाडीत घालून तिसगावच्या रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटंवर त्यांनी माझ्या मांडीवर जीव सोडला. मी डोक्यात घालून घ्यायला धोंडा शोधत हुते, गहिनीनं हात धरले.

तेरावा होस्तोवर मी घरातनं बाहेर पडले न्हाई. त्या दिवसांत डॉक्टरांचे दोन गुरुवार झाले. 'सतरा' म्हनून हाक आली तवा छगननं उठून सांगितलं की त्यो बाहेरगावी गेलाय, येईल. साऱ्या व्हरांड्यानं ऐकून घेतलं. ज्यांनी मालकांना खांदा दिला तेच तितं हात पुढं करून बसले हुते. हे मला गहिनीनं सांगितलं तसं माझं डोकं फिरलं. आता कुनाचं पोर आन् कुनाचं दूध.

तिसऱ्या गुरुवारी मी गहिनीचं मनगट धरून त्याला शाळेत नेलं. भिंतीवर मोठा कागद लावलेला, त्याच्यावर सतरा नंबरची रेघ उतारानं खाली खाली आलेली. बाईंनी हाक मारली. गहिनी खुर्चीवर बसला, पटका काढून मांडीवर ठिवला. भादरलेल्या डोक्यावर नुस्ते खुंट आले हुते. डॉक्टरांनी पयल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "अरे, मुंडण? कोण गेलं घरात?"

मीच बोलले. "सतरा नंबर गेला. हा न्हवं. हा त्याचा भाऊ. ह्याचा मोजा तुमी, उतरलेलाच निघंल, तुमच्या रेघेला काय व्हायचं न्हाई. पन गोळ्या माझ्या नवऱ्याच्या बंद केल्या, आन् त्यो मेला."

पट्टा डॉक्टरांच्या हातात तसाच राहिला. पुष्पावतीबाई कागदाकडं बघत हळूच म्हनल्या, "मला वाटलं, योगानं चेहऱ्यावर तजेला आलाय." आन् त्यांनी तोंडावर पदर घेतला.

"मला आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टर म्हनले. रागावले न्हाईत. दर गुरुवारी गहिनीनं आनलेले पुडे मी बी घेतलेच हुते. मंग त्यांनी उभं राहून साऱ्यांना इचारलं, "इथं आणखी कुणी दुसऱ्याच्या नंबरवर बसलंय का?"

कुनी हललं न्हाई. बाप्ये जमिनीकडं बघत बसले. डॉक्टरांनी परत इचारलं. मंग खाली बसले आन् बाईंना मान हलवली. बाईंनी डोळे पुसून हाक मारली, "अठरा."

छगन उठला. चांगला पंचविशीचा गडी, बापाचं कार्ड घिऊन खुर्चीवर बसला आन् माझ्याकडं न बघता त्यानं बाही वर सारली. डॉक्टर पट्टा गुंडाळायला लागले. मी पुढं झाले आन् त्याच्या दंडाचा पट्टा वढून काढला.

"छगन, सहादेवआबांची गोळी बंद हुऊन किती दिवस झाले, ते सांग आधी. आन् आबा आत्ता कुठं हायेत?"

पायरीवरच्या बनुकाकूनं बोटांवर दिवस मोजले, नातवाला पुष्पावतीबाईंच्या मांडीवर टाकलं आन् तलावाच्या वाटंनं पळत सुटली.