डावखुऱ्यांचं गाव

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर तोंडात उरलेले माझे चार दात आज संध्याकाळच्या आत पडोत. आणि ते चार मला किती प्यारे आहेत, हे घरच्यांना विचारा.

तर पोस्टमनदादा भर दुपारी पाठीवर आरसा घेऊन नगरपालिकेचा जिना चढत होते. आरसा म्हणजे हातात मावणारा नव्हे. त्यांच्या बहिणीच्या दुकानातल्या कपाटाचं अख्खं दारच, माणूसभर उंचीचं, बिजागऱ्यांसकट. वाटेत एक कुत्रं आरशातल्या स्वतःवर इतकं भुंकलं की त्याचा घसा बसला, तेव्हापासून ते मांजरासारखंच बोलतं. एक बाई भांग सरळ करता करता दोन गल्ल्या मागोमाग आल्या. सगळ्यात मागे बहीण, काखेत चादरीत गुंडाळलेली तसबीर.

"दादा, जपून. फुटला ना, तर कपाटाला दार म्हणून तुलाच उभा करीन."

"तू फक्त तसबीर सांभाळ."

दादांनी चाळीस वर्षं टपाल वाटलं आणि चाळीस वर्षं चित्रं जमवली. जुन्या शहरांची चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. सुट्टीच्या दिवशी माणसं झोपा काढतात, हे जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यांत कोपरापर्यंत हात घालून बसायचे. कागद उजेडासमोर धरायचा, कडेला पत्र्याचा दाब उमटलाय का ते बोटानं चाचपायचं, मग नाकाला लावायचा. विकणारा म्हणायचा, "काका, घ्यायचंय की खायचंय?" घरात भिंत अशी दिसायची नाही. बंदरं, पूल, बाजार, मनोरे. लग्न का नाही केलं विचारलं तर म्हणायचे, "आली असती, पण तिला आरसा लावायला भिंत कुठे होती?" स्वतः दाढी करायचे ती वाटीएवढ्या आरशात.

सगळ्यांत लाडकं चित्र आपल्याच गावचं. दोनशे वर्षांपूर्वीचा पूल, पलीकडे टेकडी, पुलाच्या डाव्या हाताला मोठा मोकळा चौक आणि त्यात गजबज. तसं दुसरं चित्र कुणाकडेच नव्हतं. आता टेकडी खरी आहे पुलाच्या उजवीकडे, आणि चित्रात होती डावीकडे. पण दादा म्हणायचे, "चित्रकार आहे तो. टेकड्या सोयीनं हलवतात ते." प्रेम आंधळं असतं म्हणतात, ते असं.

नगरपालिकेनं पुलाजवळचा भाग पूर्वीसारखा करायचं काढलं, तेव्हा साहेब स्वतः घरी आले. "पोस्टमनकाका, तुमचं चित्र हवं. समोरच्या दालनात लावू, खाली पितळी पाटी, त्यावर तुमचं नाव." जन्मभर दुसऱ्यांची नावं वाचत दारोदार फिरलेल्या माणसाचं नाव, आणि तेही पितळेत! चित्राचा मोठा फोटो काढून घेतला, आणि दादा तीन वेळा पाटीचा नमुना बघून आले. चौथ्यांदा गेले तेव्हा कोरणाऱ्यानं दारच लावून घेतलं.

मग नगरपालिकेच्या फळ्यावर आराखडा लागला. पुलाच्या डावीकडची दुकानांची रांग पाडायची, कारण चित्रात तिथे मोकळा चौक आहे. रांगेतलं तिसरं दुकान बहिणीचं, इस्त्रीचं. सव्वीस वर्षांचं.

दादा तसबीर घेऊन दुकानात गेले. बहीण शर्टावर इस्त्री फिरवत होती, वर बघितलंसुद्धा नाही.

"ये. चोराला किल्ली देऊन आलास, आता कुलूप बघायला आलास?"

"अगं, मला काय माहीत ते असं करतील?"

"दाखव तरी. कुठल्या कागदानं माझं दुकान खाल्लं, तो बघू दे."

तिनं इस्त्री उभी केली, चष्मा लावला आणि चित्रावर वाकली. काचेवरून एकेका माणसावर बोट फिरवत गेली. दादा खुर्चीच्या टोकाला आले.

"दादा, हा कोटवाला बघ. याची बटणं चुकीच्या बाजूला आहेत."

"जुनी फॅशन असेल."

"फॅशन मला शिकवू नकोस. पुरुषाची बटणं कुठल्या बाजूला असतात ते मी झोपेत सांगीन. हा दुसरा, हा तिसरा, सगळ्यांची चुकलीत. शिपायानं तलवार डाव्या हातात धरलीय. मासेवालीची सुरी डाव्या हातात. गावात एकही उजवा हात नव्हता का रे?"

दादा ताडकन उठले. तसबीर उचलून कपाटाच्या आरशासमोर धरली.

टेकडी टुणकन उडी मारून आपल्या जागी बसली. बटणं सरळ झाली. आणि मोकळा चौक गेला पुलाच्या उजवीकडे. डावीकडे दुकानांची रांग उभी, छप्पर न् छप्पर.

दादांनी कपाळावर हात मारला. "अगं, शिक्का! चाळीस वर्षं टपालाचा शिक्का मारला मी. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात, म्हणून तर कागदावर सुलटी उठतात. या पठ्ठ्यानं पत्र्यावर गाव सुलटं कोरलं. मग कागदावर उलटंच येणार! चित्राच्या तळाचं गावाचं नाव तेवढं उलटं कोरायची शुद्ध होती त्याला."

दोघं पोट धरून हसली. मग बहीण हसायची थांबली.

"दादा, पण तुझी पाटी?"

दादांनी चित्राच्या काचेवरची धूळ बाहीनं पुसली. दोनदा पुसली.

"स्क्रूड्रायव्हर आण," ते म्हणाले. "दार काढू."

सभागृहात दादांनी आरसा भिंतीला टेकवला, समोर तसबीर धरली आणि दारोदार 'पोस्टमन!' म्हणून हाक मारायचे त्याच आवाजात बोलले, "साहेब, चूक चित्रात आहे. चित्र माझं, म्हणून चूकही मीच सांगतो."

साहेब आरशासमोर गेले, खिडकीतून पुलाकडे बघितलं, पुन्हा आरशात बघितलं. "म्हणजे चौक उजवीकडे होता? तिथे तर आपल्या कचरागाड्यांची शेड आहे."

"चित्र मानायचं असेल तर ती पाडा," दादा म्हणाले.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी आराखडा गुंडाळला. "राहू देत ती दुकानं. पण काका, उलटं गाव दालनात कसं लावणार?"

"नका लावू."

"आणि पाटी?"

"पितळ चांगलं आहे. घासून दुसऱ्याचं नाव कोरा."

यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला, असा झाला, की आरसासुद्धा थरथरला.

आता ते चित्र इस्त्रीच्या दुकानात असतं, बरोबर कपाटासमोर. गिऱ्हाईक आलं की बहीण दटावते, "तिकडे नको, आरशात बघा. गाव तिथे आहे."

खालचा एक दात हलायला लागलाय, तेव्हा एक सांगूनच टाकते. कुत्र्याचं खरं आहे. टाळ्या मात्र माझ्या पदरच्या. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. साहेबांनी पुढचा विषय घेतला, गटारांचा. दादांनी आरसा पाठीवर घेतला आणि जिना उतरले. खाली दारापाशी पाटी तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवली होती. दादा थांबले. पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं त्यांनी नाव एकदा नीट वाचलं, आणि पुढच्या घरी जायचं असल्यासारखे चालू लागले.